चित्र न काढणाऱ्या माणसाने मांगाला काय दिलं? काझुओ कोइके यांच्याबद्दल

प्रश्न असा आला आहे: "मला चित्र काढता येत नाही, पण चित्रकथा लिहायच्या आहेत. 'लोन वुल्फ अँड कब'चा लेखक वेगळा होता आणि चित्रकार वेगळा, असं वाचलं. मग लेखकाने नेमकं केलं काय? गोष्ट सांगितली आणि मोकळा झाला? त्याचं एवढं नाव कशामुळे?"

गेली वीसेक वर्षं मी मुलांच्या मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रकथांच्या संहिता लिहितो. मला माणूस काढायला सांगितला तर आजही काडीपैलवानच निघतो. त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलेला आहे, आणि त्याचं उत्तर मला 'लोन वुल्फ'चे लेखक काझुओ कोइके यांच्या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथांत, सापडलं.

आधी माझी फजिती सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. माझ्या पहिल्या संहितेत एका चौकटीसाठी मी लिहिलं होतं: 'राजू दार उघडून आत येतो, दप्तर फेकतो, आईकडे बघतो आणि रडू लागतो.' चित्रकार वयाने मोठे होते. त्यांनी फोन करून शांतपणे विचारलं, "अहो, यातला कुठला राजू काढू? दार उघडणारा की रडणारा?" पुढच्या चौकटीत तर मी एवढे संवाद कोंबले होते की फुगे काढल्यावर राजूला उभं राहायला जागाच उरली नाही. चित्रकथा लिहिणं म्हणजे कथा लिहून बाजूला चित्रं लावणं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात लेखकाला क्षण निवडायचे असतात, आणि मग त्यातले बरेचसे शब्द काढून टाकायचे असतात. हे काम कोइकेंइतकं जाणीवपूर्वक करणारे फार थोडे झाले.

कोइकेंचा जन्म १९३६चा, जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातला. तरुणपणी ते किइचिरो यामाते या ऐतिहासिक कादंबरीकाराकडे शिकले. पुढे ते ताकाओ साइतो या मांगाकाराच्या स्टुडिओत आले. या स्टुडिओचा कारभार सिनेमाच्या युनिटसारखा होता. संहिता लिहिणारा एक, पार्श्वभूमी काढणारा दुसरा, बंदुका आणि गाड्या काढणारा तिसरा. १९६८ साली सुरू झालेल्या 'गोल्गो १३'च्या सुरुवातीच्या कथांवर कोइकेंनी तिथेच काम केलं. मांगाचा लेखक हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे त्यांनी अशा कारखान्यात राहून पाहिलं. जपानीत त्याला 'गेनसाकुशा' म्हणतात, म्हणजे मूळ कथा लिहिणारा. तो मजकूर लिहून देतो. त्यावरून चित्रकार पानांचा कच्चा आराखडा करतो, त्याला तिकडे 'नेमु' म्हणतात. कुठली चौकट केवढी, फुगा कुठे, पान कुठे उलटायचं, हे त्यात ठरतं. म्हणजे लेखकाचा शब्द वाचकापर्यंत पोचण्याआधी दुसऱ्या माणसाच्या हातून जातो. हे ज्याला सोसत नाही त्याने कादंबरी लिहावी.

१९७० साली 'वीकली मांगा ॲक्शन' या मोठ्या वाचकांसाठीच्या साप्ताहिकात 'कोझुरे ओकामी' सुरू झाली. हीच 'लोन वुल्फ अँड कब'. नावाचा अर्थ पोराला घेऊन फिरणारा लांडगा. नायकाचं नाव ओगामी इत्तो. 'ओगामी' आणि लांडगा या अर्थाचा 'ओकामी' यांत एका अक्षराचा फरक, आणि 'इत्तो' म्हणजे एक तलवार. चित्रकार गोसेकी कोजिमा. कोजिमांची एक गंमत सांगण्यासारखी आहे: त्यांचा आणि मांगाचे पितामह मानले जाणारे ओसामु तेझुका यांचा जन्म एकाच दिवशी, ३ नोव्हेंबर १९२८ला झाला. तेझुकांची रेषा गोल, गोड, सिनेमाच्या कार्टूनशी नातं सांगणारी. कोजिमा 'कामिशिबाई' म्हणजे रस्त्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याच्या धंद्यातून आणि भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांच्या दुनियेतून आलेले. त्यांचा कुंचला खरखरीत, ओला, पावसाचा वास येणारा.

गोष्ट थोडक्यात अशी. इत्तो हा शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, अधिकृत शिरच्छेदक. एखाद्या सरदाराला सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली की शेवटचा घाव घालायचं काम त्याचं. याग्यू घराण्याला ते पद हवं असतं. ते इत्तोच्या बायकोला मारतात आणि त्याच्या देवघरात शोगुनच्या घराण्याचं चिन्ह असलेली मृताची स्मृतिपाटी ठेवून त्याला राजद्रोही ठरवतात. इत्तो तान्ह्या दाइगोरोला लाकडी गाडीत घालून बाहेर पडतो आणि पाचशे र्यो, म्हणजे सोन्याची नाणी, घेऊन माणसं मारणारा भाडोत्री मारेकरी होतो.

एवढं वाचून सूडकथाच वाटेल. पण कोइकेंनी ती कशी मांडली ते बघा. हा सगळा पूर्वेतिहास पहिल्या प्रकरणात नाही. पहिल्या प्रकरणात फक्त एक रोनिन, म्हणजे धनी नसलेला सामुराई, दिसतो, गाडी दिसते, गाडीत पोर, आणि तलवार भाड्याने मिळेल, पोरही भाड्याने मिळेल असा फलक. हा माणूस कोण, पोराला घेऊन का फिरतो, कशासाठी मारतो, यातलं काही सांगितलेलं नाही. अशी आठ प्रकरणं जातात. नवव्या प्रकरणात मागचं उलगडतं. आपल्याकडचा संपादक असता तर दुसऱ्याच पानावर 'पूर्वपीठिका' अशी चौकट टाकायला लावली असती! कोइकेंनी आठ प्रकरणं आपल्याला बापलेकांबरोबर चालायला लावलं. त्यामुळे कारण कळतं तेव्हा ते कळवळून ऐकावंसं वाटतं.

त्या नवव्या प्रकरणातला प्रसंग मी शिकवताना दर वेळी काढतो. इत्तो रांगत्या पोरासमोर दोन वस्तू ठेवतो, एक चेंडू आणि एक तलवार. चेंडू घेतलास तर तुला तुझ्या आईकडे पाठवीन, म्हणजे मारून टाकीन. तलवार घेतलीस तर माझ्याबरोबर या नरकाच्या वाटेवर यायचं. आपल्याकडे उष्टावणाला बाळापुढे वही, पेन, सोनं मांडून ते कशाला हात लावतंय हे बघतात ना? जपानातही पहिल्या वाढदिवसाला अशीच रीत आहे. कोइकेंनी ती घरगुती, हसतखेळत करायची रीत उचलली आणि तिच्यात मरण ठेवलं. पोराला शब्द कळत नाहीत. ते फक्त बघतं, रांगतं, थांबतं. बाप काही सुचवत नाही. दाइगोरो तलवारीला हात लावतो.

इथे लेखकाने काय केलं, असं विचाराल तर पोर रांगतं ते कोजिमांनी काढलं. पण दोनच वस्तू असाव्यात, त्यातली एक खेळणं असावी, निवड न बोलणाऱ्या पोराने करावी आणि त्या वेळी बापाने गप्प राहावं, हे सगळं लेखकाचं. पानावर शब्द कमी आहेत म्हणून लेखन कमी आहे असं नव्हे. कोऱ्या राहिलेल्या जागाही कोणीतरी लिहिलेल्या असतात. द्वंद्वाच्या प्रसंगांतही तेच दिसतं. दोघं समोरासमोर उभे, मध्ये गवत, वारा, पानभर काही घडत नाही. मग एक घाव, आणि पुढच्या चौकटीत घाव होऊन गेलेला असतो. कीर्तनकार ऐन रंगात आलेल्या आख्यानात एकदम गप्प होतो आणि मृदंगही थांबतो, तसं.

कोइकेंचा दुसरा गुण म्हणजे खरं आणि बनवलेलं यांची बेमालूम शिवण. इत्तोचं ते 'शोगुनचा अधिकृत शिरच्छेदक' हे पद इतिहासात नव्हतंच. ते कोइकेंनी रचलं. पण त्याच्या शेजारी त्यांनी यामादा आसाएमोन आणून उभा केला. हे घराणं खरं होतं. एदोमध्ये (आजच्या टोकियोत) शिरच्छेद करणं आणि नव्या तलवारींची धार प्रेतांवर तपासून देणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. खलनायक याग्यू रेत्सुदो हेही नाव खरं, पण तो माणूस मुळात बौद्ध भिक्षू. कोइकेंनी त्याला गुप्त हेरांच्या जाळ्याचा म्हातारा, क्रूर, तितकाच स्वाभिमानी म्होरक्या बनवला. भोवतालच्या रस्त्यांपासून खानावळींपर्यंतचे तपशील इतके पक्के की मधला खोटा खांब कुणाला खोटा वाटत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे तंत्र ओळखीचं वाटेल. आपल्याकडे मात्र त्यावरून भांडणं होतात.

ही मालिका १९७६ पर्यंत चालली. अठ्ठावीस खंड, साडेआठ हजारांहून अधिक पानं. शेवट सांगू नये हे मला कळतं, पण कामाचा मुद्दा असल्यामुळे सांगतो. नको असेल तर हा परिच्छेद सोडा. इत्तो जिंकत नाही. लढून लढून तो उभ्या उभ्याच संपतो, आणि दाइगोरो तुटका भाला उचलून रेत्सुदोवर धावतो. रेत्सुदो त्याला अडवत नाही. भाला अंगात घुसू देतो, पोराला कवेत घेतो आणि नातू म्हणून हाक मारतो. सहा वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले त्या म्हाताऱ्यासाठी वाचकाचा गळा दाटतो. चेंडू न घेता तलवारीला हात लावणारं पोर इथे येऊन पोचतं. पहिल्या खंडात पेरलेलं अठ्ठाविसाव्यात उगवलं, आणि दर आठवड्याच्या धबडग्यात मधली पकड सुटली नाही.

मालिका चालू असतानाच तिचं वेड छापील पानांबाहेर गेलं. १९७१ साली युकिओ हाशी यांनी गायलेलं गाणं आलं. बापाची वाट बघणाऱ्या पोराचं, पावसाच्या टपटपीवर बेतलेलं. शब्द कोइकेंचेच. १९७२ ते १९७४ या काळात तोमिसाबुरो वाकायामा यांना घेऊन सहा सिनेमे निघाले. पहिल्या पाचांच्या पटकथा कोइकेंनी लिहिल्या. सिनेमे मांगाच्या आधीच संपले, त्यामुळे त्यांना मांगाचा शेवट नाही. त्यांत गाडीतून बाहेर येणारी पाती आणि बंदुका यांची चैन आहे, रक्ताची कारंजी आहेत. मला ते आवडतात, पण मांगातली शांतता त्यांत अर्धीच उरली आहे.

अमेरिकेला मात्र ओळख आधी त्या कारंज्यांचीच झाली. पहिल्या दोन सिनेमांचे तुकडे जोडून, पोराच्या तोंडी निवेदन घालून १९८० साली 'शोगुन असॅसिन' नावाचा सिनेमा तिथे लावला गेला. त्यातले आवाज १९९५ साली जीझा या रॅपरच्या 'लिक्विड सोर्ड्स' अल्बममध्ये आले. 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात लहान मुलगी झोपण्याआधी जो सिनेमा बघायचा हट्ट धरते, तो हाच. अकितातल्या माणसाने लिहिलेली बापलेकाची गोष्ट न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमध्ये जाऊन बसली, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना कोइके हे नाव ठाऊकही नसेल.

पुस्तकाला थोडं थांबावं लागलं. १९८७ साली फर्स्ट कॉमिक्सने इंग्रजी अनुवाद सुरू केला. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं फ्रँक मिलर यांची. या अमेरिकन चित्रकथाकाराने त्याआधीच आपल्या 'रोनिन' या चित्रकथेत या मांगाचा प्रभाव उघड दाखवला होता. ती आवृत्ती ४५ अंकांनंतर अर्धवट बंद पडली. २००० ते २००२ या काळात डार्क हॉर्सने तळहातावर मावणाऱ्या छोट्या आकारात अठ्ठावीसही खंड काढले. मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनी 'रोड टू पर्डिशन'मध्ये गुंडांच्या टोळीतला बाप आणि त्याचा मुलगा यांना रस्त्यावर आणलं, आणि ते ऋण मोकळेपणाने मान्य केलं. 'द मँडलोरियन' या मालिकेतला चिलखती माणूस आणि त्याच्याबरोबर तरंगणारा पाळणा बघितलात तर आता मी वेगळं सांगायला नको. २००४ साली कोइके आणि कोजिमा या दोघांनाही आयझनर या अमेरिकेतल्या चित्रकथा-पुरस्कारांच्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान मिळालं. कोजिमा मात्र त्याच्या चार वर्षं आधी, जानेवारी २०००मध्ये गेले होते.

कोइकेंच्या बाकीच्या कामांत मला जे सूत्र दिसतं ते एका ओळीत बसतं. त्यांचा प्रत्येक मोठा नायक म्हणजे एक उभा विरोध. मारेकरी, पण कडेवर पोर. 'क्राइंग फ्रीमन'मधला खुनी, पण खून केला की डोळ्यांतून पाणी येतं. र्योइची इकेगामी यांची चित्रं असलेली ही मालिका १९८६ची. 'लेडी स्नोब्लड'मधली युकी तुरुंगात जन्मली तीच मुळी आईचा सूड घेण्यासाठी. तिला स्वतःचं आयुष्य असं दिलेलंच नाही. चित्रं काझुओ कामिमुरा यांची, काळ १९७२-७३. तिच्यावरच्या १९७३च्या सिनेमात मेइको काजी यांनी जे गाणं म्हटलं त्याचेही शब्द कोइकेंचे, आणि तेच गाणं पुढे 'किल बिल'मध्ये वाजलं. आसाएमोनलाही त्यांनी स्वतंत्र मालिका दिली. तिथे ज्याची मान उडवायची त्याची आयुष्यकथा आपल्याला आधी ऐकावी लागते.

सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. कोइकेंनी ढिगाने लिहिलं, आणि त्या ढिगात भरपूर कोंडा आहे. बायकांवरच्या अत्याचारांची दृश्यं ते गोष्टीला चटक लावण्यासाठी वापरतात. 'लोन वुल्फ'मध्येही ती आहेत, आणि नंतरच्या 'मॅड बुल ३४'सारख्या कामांत तर लाज सोडलेली आहे. 'त्या काळी असंच होतं' म्हणून मी ते सोडून देत नाही. त्याच काळात जपानात वेगळं लिहिणारे होते. माझ्या वर्गात तरुण मुली असतात. त्यांना मी कोइके वाचायला देतो तेव्हा हे आधी सांगतो.

आता त्यांचा खरा पसारा. १९७७ साली कोइकेंनी 'गेकिगा सोनजुकु' ही शाळा काढली. 'गेकिगा' म्हणजे मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथा. नाव ऐकताच जपानी माणसाला हागी गावातली 'शोका सोनजुकु' आठवते. योशिदा शोइनची ती छोटीशी शाळा, जिथून मेइजी काळाचे, म्हणजे आधुनिक जपान उभारणारे, कारभारी घडले. म्हणजे नावातच महत्त्वाकांक्षा होती, आणि ती फुकट गेली नाही. पहिल्याच तुकडीत रुमिको ताकाहाशी होत्या. १९७८ साली त्यांचं पदार्पण झालं आणि लगेच 'उरुसेई यात्सुरा' ही गाजलेली विनोदी मालिका. पुढे याच शाळेतून 'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार'चे चित्रकार तेत्सुओ हारा आले, 'बाकी'चे केइसुके इतागाकी आले. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम रचणारे युजी होरीही इथलेच.

या यादीत गुरूसारखं लिहिणारं जवळपास कोणी नाही. ताकाहाशींची विनोदी धांदल आणि कोइकेंचं रक्तबंबाळ एदो यांत काय साम्य? शाळेत कथानक शिकवतच नव्हते म्हणून हे झालं, असं मला वाटतं. शिकवायचे ते पात्र. 'क्यारा ओ तातेरु', पात्र उभं करणं, हा त्यांचा मंत्र जपानी संपादकांच्या रोजच्या बोलण्यात मुरला आहे. पात्र उभं राहिलं की गोष्ट त्याच्या मागे चालते, असं त्यांचं म्हणणं. नायकाला एक दुबळी जागा द्या, प्रतिस्पर्ध्याला एक दोष द्या, हा त्यांचा दुसरा धडा. आता ताकाहाशींचा रान्मा हा नायक बघा. मारामारीत हार न जाणारा मुलगा, पण गार पाणी अंगावर पडलं की मुलगी होतो. हसायला लावणारी कल्पना, पण सांगाडा गुरूचा. इत्तोची दुबळी जागा गाडीत बसलेली असते, रान्माची बादलीत.

पुढे २००५ पासून ओसाका कला विद्यापीठातही ते पात्रनिर्मिती शिकवत होते, आणि म्हातारपणी ट्विटरवर रोज लिहीत होते. १७ एप्रिल २०१९ रोजी न्यूमोनियाने ते गेले, वय ८२. त्याच्या सहाच दिवस आधी 'लुपिन द थर्ड' या मांगाचे कर्ते मंकी पंच गेले होते. दोघांच्याही गाजलेल्या मालिका त्याच 'मांगा ॲक्शन'मधल्या.

तुमच्या प्रश्नात न विचारलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे पोटापाण्याची. मराठीत फक्त चित्रकथांच्या संहिता लिहून घर चालत नाही. माझं चालत नाही. मी अनुवाद करतो, मालिकांचे संवाद लिहितो. पण चित्र येत नाही हे न लिहिण्याचं कारण होऊ शकत नाही. चित्रकार शोधा, आणि सापडला की त्याच्या कामात नाक खुपसू नका.

'लोन वुल्फ'ची सुरुवात पहिल्या खंडापासूनच करा, सिनेमापासून नको. इंग्रजी आवृत्ती डावीकडून उजवीकडे वाचायची आहे, त्यामुळे मांगाची सवय नसली तरी अडणार नाही. नववं प्रकरण एकदा नुसतं वाचा. मग वही घेऊन उलटं काम करा: प्रत्येक चौकटीसाठी लेखकाने काय लिहून दिलं असेल ते एका ओळीत लिहा. एका ओळीत दोन क्रियापदं आली तर ओळ खोडून पुन्हा लिहा, माझा राजू आठवा. ते झालं की आणखी एक मोजदाद करा, दाइगोरो किती शब्द बोलतो त्याची. जपानीत त्याच्या तोंडी बहुतेक वेळा एकच शब्द असतो, 'चान', म्हणजे बाबा.